दोन्हीकडे सारखी

"सर, चूक सापडली!" ती म्हणाली. नवा टॉवर उभा राहिल्यावर मागच्या चाळीत किती उजेड उरेल, हे ती तीन दिवस बिल्डरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दोन पद्धतींनी काढत होती. एका चित्रात खोली अंधारी, दुसऱ्यात लख्ख.

"लख्ख चित्रात टॉवरचा लेयरच बंद राहिला होता, म्हणजे टॉवर धरलाच नव्हता, म्हणून ऊन अडलंच नाही. अंधारी खोलीच खरी." तिचा आवाज खोल गेला. खोली तिच्याच घरातली होती. तिथल्या खिडकीशी बसून बाबा रोज घड्याळं दुरुस्त करत.

सरांनी पाठ थोपटली. "शाब्बास! मग अंधाऱ्या चित्रातही टॉवर बंद कर. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आणि अहवालाखाली सही तुझी."

"माझी?"

"चाळीतल्याच मुलीची सही म्हटल्यावर कोण हरकत घेणार? तुला नोकरीवर उगाच घेतलं का?"

तिने टॉवर बंद केला. आकडे जुळले. तिने सही केली.

संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या बाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, "तुला छळत होती ती चूक सापडली का गं?"

"हो बाबा," ती म्हणाली. "आता दोन्हीकडे सारखीच आहे."