पाहुणीचं पाणी

कॉलेजातून इंटर्नशिपला आलेल्या रेवतीनं नांदूरघाटाजवळच्या वस्तीवर घरोघर फिरून पिण्याचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. तपासणीत सगळं पाणी निर्मळ निघालं. मग लेकरांचे दात असे तपकिरी कशानं? अहवाल असाच गेला, तर वस्तीला फिल्टर मिळणार नव्हता. ती पुन्हा वस्तीवरच्या म्हाताऱ्या दगडाबाईच्या दारात आली.

“आजी, मागं दिलेलं पाणी कुठलं होतं?”

“दूध सोसायटीच्या जारचं. समद्यांनी तेच दिलं आसंल. पाहुण्याला काय हापशाचं द्यावं व्हय?”

“आज पाहुणी नाही, लेक समजा. तुम्ही पिता तेच द्या.”

दगडाबाई हसली. रांजणातलं हापशाचं पाणी तिनं बाटलीत भरून दिलं. उन्हानं रेवतीचा घसा सुकला होता. त्याच रांजणातून तांब्या भरून ती तोंडाला लावणार, तोच म्हातारीनं तो अलगद काढून घेतला.

“ते बाटलीत ने, बाई. लेकीच्या पोटात न्हाई जाऊ द्यायची मी.”

तिनं रेवतीला जारचं पाणी दिलं. आणि दुष्काळात तांब्याभर पाणी सांडायचं कसं, म्हणून काढून घेतलेल्या तांब्यातलं हापशाचं पाणी स्वतः पिऊन टाकलं.