निळी जास्वंद

चारकोपच्या विमलाकाकूंच्या हातून कुंडीतली तुळसही कधी जगली नाही, पण फोनवरच्या खेळातली त्यांची बाग बघून लोक जळत. लाल आणि पांढऱ्या जास्वंदीचा संकर करत करत, गणपतीपासून शिमग्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून त्यांनी एक निळी जास्वंद फुलवली. साऱ्या खेळात तसं फूल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. रविवारी खेळातल्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं. मिरवायला कुणीतरी हवं, म्हणून शेजारच्या बैठ्या घरातल्या पेट्रिशियालाही त्यांनीच खेळात ओढलं.

पूजेची खरी फुलं मात्र काकू रोज पहाटे पेट्रिशियाच्याच कुंपणावरून, काठीने फांदी वाकवून, पिशवी भरेपर्यंत तोडत. तिने हटकलं की उत्तर ठरलेलं, "देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत गं."

शनिवारी सकाळी काकूंनी फोन उघडला, तर निळ्या जास्वंदीचा नुसता देठ उरला होता. त्या खेळात शेजाऱ्याच्या बागेतलं फूल तोडता येतं, आणि खाली तोडणाऱ्याचं नावही येतं. नाव वाचून काकू अनवाणीच कुंपणाशी धावल्या.

"पेट्रिशिया, चोरटे, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. पोटच्या पोरीसारखी वाढवली होती मी ती जास्वंद."

पेट्रिशिया आपल्या ओरबाडलेल्या झाडाला शांतपणे पाणी घालत राहिली.



"चोरी कसली, विमला? नाक्यावरच्या क्रुसापुढे फोन धरला आणि वाहिली मी ती."