गाळातली पावलं

मी पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, हे आधीच सांगते!

वादळानंतर शाळेच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी पार चहासारखं झालं होतं. काल सरांनी त्यात तुरटी फिरवली आणि आम्हाला बजावलं, "रात्रभर गाळ खाली बसू दे. जो पाणी ढवळेल, तो संघातून बाद."

सकाळी सगळ्यांच्या आधी मीच पोचले. पाणी नितळ झालं होतं, तळाशी पिठासारखा मऊ गाळ बसला होता, आणि त्या गाळात पावलं उमटली होती.

"उतरलीस ना शेवटी?" सर मागून गरजले.

"मी? सर, माझे केस तरी बघा, कोरडे ठणठणीत आहेत!"

"मग ही काय आभाळातून पडली?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर पहाटे उठून मेहनत केली, ती काय यासाठी? "सर, इथे पाणी दोन पुरुष खोल आहे. मी पोहते, तळावरून चालत नाही! आणि ही पावलं शिडीपासून निघालेलीच नाहीत. मधोमध सुरू होतात आणि इकडे, शिडीकडे येतात."

सर वाकले. "शेवटचं कुठाय?"

"तळावरच्या त्या काळ्या पट्ट्यावर," मी तोऱ्यात बोट दाखवलं.

पट्ट्याच्या अलीकडे आणखी एक पाऊल होतं. मघाशी ते नव्हतं.

"पाणी ढवळू नकोस म्हटलं ना," सर पाण्यावरची नजर न काढता म्हणाले.

"मी तुमच्या शेजारी उभी आहे, सर!"

शिडीच्या पायथ्याशी गाळाचा छोटा ढग उठला, आणि शिडी कुणाच्या तरी वजनाने कुरकुरली.