कंपनीचा रंग

"एकशे अठरा," इर्मिना सोबेलनं मोठ्यानं वाचलं आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारावरून उचललं. मागचं दार एकशे वीस, छत एकशे एकोणीस. दुसऱ्यांदा रंगवलेल्या पत्र्यावर हा आकडा दुपटीवर जातो. पोलंडातल्या ग्न्येझ्नोत जुनी गाडी घ्यायला कुणी हे यंत्र खिशात घातल्याशिवाय येत नाही, आणि ही तर दातांची डॉक्टर, हिचं अर्धं आयुष्य किडलेलं हुडकण्यात गेलेलं. त्या काळ्या लिमोझिनमध्ये मात्र तिला खोट सापडेना.

जुन्या गाड्या विकायच्या त्या आवाराचा मालक हायदुक हात मागे बांधून निवांत उभा होता. तीन लाख बारा हजार झ्लोटी, त्यात एक पैही कमी होणार नाही, असं त्याचं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. रंग कंपनीचा आहे, गाडीला अजून कुणाचा हात लागलेला नाही, तीन वर्षांनी विकायला काढलीत तरी अडीच लाखाला माणसं दारात उभी राहतील. रंगवलेल्या गाडीला कुत्रं विचारत नाही.

"विकताना हिचा जर्मन मालक ढसाढसा रडला होता, मॅडम," तो म्हणाला. त्या भागातला प्रत्येक गाडीवाला हे म्हणतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक हसतं. इर्मिनाही हसली.

तिच्याबरोबर गाडी तपासायला आलेला लेऑन ग्रुश्का हसला नाही. जर्मन का रडला असेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत ही गाडी मागच्या शेडमध्ये आली तेव्हा तिची अख्खी उजवी बाजू हायवेच्या कठड्याला घासून निघाली होती. लेऑननंच ती पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा रंगवली होती, यंत्रालाही कळू नये इतक्या पातळ थरात. एकोणीस वर्षं त्यानं हायदुककडे हेच काम केलं. फेब्रुवारीत चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली, तशी हायदुकनं त्याला घरी बसवलं. छातीच्या आजाराची पेन्शन मिळायला रंगकामाचा दाखला लागतो. तो मागायला गेल्यावर हायदुक हसत म्हणाला होता, "मिस्त्री, रंगारी म्हणून कसं लिहू? माझ्या आवारात कधी गाडी रंगवलीच जात नाही." कागदोपत्री लेऑन होता राखणदार.

पेन्शन तर त्याला हवीच होती, पण त्याहून जास्त ते हसू त्याला हायदुकच्या तोंडावरून खरवडून काढायचं होतं. दाढ दाखवायला गेला असताना डॉक्टरीणबाई हायदुककडे गाडी बघताहेत हे कानावर पडलं, आणि तपासायला मी येतो, पैसे नकोत, असं त्यानं आपणहून सांगितलं.

त्याला बघून हायदुक मुळीच घाबरला नव्हता. हा तोंड उघडणार नाही, उघडलं तर याचेही हात त्यात रंगलेले, असं त्याचं गणित होतं.

"मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?" इर्मिनानं विचारलं.

लेऑन मागच्या दारापाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं दाराच्या रबरी पट्टीत नख घातलं. कारखान्यात रंग आधी होतो, रबर नंतर बसतं. दुसऱ्यांदा रंगवताना मात्र रंग अडवायला चिकटपट्टी लावावी लागते, आणि तिची केसाएवढी रेघ रबराखाली राहतेच. हे त्यानंच एकदा हायदुकला दाखवलं होतं.

हायदुक लगबगीनं पुढे झाला. आमची जुनी ओळख आहे, एक मिनिट बोलतो, असं म्हणून त्यानं लेऑनला दंडाला धरून ऑफिसच्या दाराशी नेलं.

"दाखला हवाय ना तुला?"

"हवाय."

"सोमवारी ये. एकोणीस वर्षांचा लिहून देतो. पण आता एक शब्द बोलायचा नाहीस."

"सोमवारी नाही, शेठ. आत्ता. शिक्क्यानिशी."

हायदुकनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग काळ्या गाडीकडे पाहिलं, आणि आत जाऊन लिहायला बसला. नुसतं 'गाड्या' नको, 'विक्रीच्या गाड्या' लिहा, पेन्शनवाले फार खुसपटं काढतात, असं लेऑननं शेजारी उभं राहून सुचवलं. घाईत हायदुकनं तेही लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

"एक शब्द नाही," त्यानं कागद देताना पुन्हा बजावलं.

"नाही बोलणार," लेऑन म्हणाला. "शब्द देतो."

तो गाडीपाशी परत आला. कागद बॉनेटवर पसरला, हातानं सपाट केला आणि इर्मिनाला वाचता येईल असा फिरवला. तिनं तो आधी मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला, सावकाश, तारखेपासून शिक्क्यापर्यंत: लेऑन ग्रुश्का यांनी या आवारात विक्रीच्या गाड्या रंगवण्याचे काम एकोणीस वर्षे केले. पांढऱ्या जीपच्या काचेतून आत डोकावणारं जोडपं वळून बघायला लागलं.

हायदुकच्या तोंडावरचं हसू गेलं. तो वीस हजारांची सूट देतो म्हणाला. मग चाळीस म्हणाला, मग साठ.

"ह्यातल्या कुठल्या रंगवलेल्या?" इर्मिनानं त्याच्याकडे न बघता लेऑनला विचारलं.

लेऑन एक शब्द बोलला नाही. दाखल्याची घडी करून त्यानं आतल्या खिशात ठेवली आणि लिमोझिनच्या बॉनेटवर तळहात टेकला. मग शेजारच्या गाडीपाशी जाऊन तिच्यावर टेकला. मग पांढऱ्या जीपवर. जोडपं बाजूला सरकलं. एक निळी गाडी त्यानं सोडून दिली, तिच्या पुढच्या तिन्हींवर हात ठेवला. मधे धाप लागली तेव्हा जरा थांबला. रांग लांब होती आणि त्याला घाई नव्हती.