मोड बदलताना

“संगणकाचा पडदा अजून काळाच?” साळगावकर सरांनी विचारलं.

“काळाच, सर,” रेवती म्हणाली.

“मग आज आपण दोघं सारखेच!” अंधशाळेत गणित शिकवणारे आणि स्वतः जन्मांध असलेले सर खळखळून हसले.

ब्रेल छापणारं यंत्र धडधाकट होतं, पण ते चालवणारा जुना संगणक कायमचा बंद पडला होता. दहावीच्या मुलांना भूमितीचं पुस्तक सोमवारपर्यंत हवं होतं. मदतीला आलेल्या प्रोग्रॅमर रेवतीने यंत्र चालवणारा जुना प्रोग्रॅम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेणाऱ्या मुक्त-स्रोत प्रोग्रॅमवर चढवला होता. पण त्या सोंगातला प्रोसेसर साध्या मोडमधून, म्हणजे कामाच्या साध्या पद्धतीतून, जास्त मेमरी वापरणाऱ्या मोठ्या मोडमध्ये जायला निघाला, की सगळं तिथेच गोठत होतं.

“चहा सांगून येतो,” म्हणत सर उठले. दारातल्या पायरीखाली त्यांनी काठी टेकवली, तरी मागचा पाय वरच होता. पुढचा पाय नीट टेकला तेव्हाच मागचा सुटला.

रेवती बघतच राहिली. खरा प्रोसेसरही मोड बदलताक्षणी जुना पत्ता, म्हणजे पुढची आज्ञा मेमरीत कुठून घ्यायची ती जागा, सोडत नाही. नव्या पत्त्यावर उडी पडेपर्यंत जुन्यावरच चालतो. एम्युलेटर मात्र तो लगेच पुसून टाकत होता. त्याच्या कोडमधली पुसण्याची ओळ तिने उडीनंतर नेली.

या वेळी प्रोग्रॅम पुढे सरकला आणि यंत्र खडखडू लागलं. आवाज ऐकून परतलेल्या सरांनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं.

“भूमिती. प्रकरण पहिलं,” त्यांनी वाचलं. मग म्हणाले, “थांबलीस का? कागद लाव. वर्गात सोळा जण आहेत.”