चिकटलेली पानं

“आता कशाला उकरून काढतेस?” नवरा दारापर्यंत येऊन म्हणाला. “एकोणीस वर्षं झाली.”

“चूक माझी आहे,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

चाळीस वर्षं तिने कंपन्यांची वकिली केली होती, त्यातली शेवटची वीस लवाद म्हणून. कोर्टाबाहेर दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि निकाल द्यायचा. बाई कागदाला लावलेली टाचणीसुद्धा वाचतात, असं वकील चेष्टेने म्हणत. तिला ते मनातून आवडायचं.

गेल्या आठवड्यात ऑफिस रिकामं करताना एका जुन्या फाइलमधली पानं एकमेकांना चिकटलेली दिसली. नखाने सोडवली, तर मध्ये एक पत्र.

दोन भागीदारांच्या कारखान्याचा तो वाद होता. धाकट्याने आपला मोठा हिस्सा परस्पर एका कंपनीला विकला होता. ‘मला विचारल्याशिवाय विकणार नाही, असा शब्द दिला होता त्याने,’ थोरला भागीदार पुन्हा पुन्हा सांगत होता. पुरावा नव्हता. तिने निकाल त्याच्या विरुद्ध दिला आणि कारखाना त्याच्या हातून गेला.

तो शब्द या पत्रात होता. खाली धाकट्याची सही.

थोरला आता पंपदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप चालवत होता. तिला पाहून तो थबकला. मग लगबगीने खुर्ची पुसून पुढे केली.

“बसा, बाई.”

तिने पत्र त्याच्यासमोर ठेवलं.

“हे तेव्हा माझ्याकडे होतं. पानं चिकटली होती. मी वाचलंच नाही. निकाल आता फिरवता येणार नाही, पण तुम्ही म्हणाल तिथे मी हे लेखी कबूल करेन.”

त्याने पत्र हातात घेतलं.

“वाचलंच नाहीत?”

“नाही.”

“एकदाही?”

तिने नकारार्थी मान हलवली. “तुमच्या वकिलांनीही या पत्राचं नाव काढलं नाही. आणि तुम्ही निकाल मुकाट्याने मान्य केलात. का?”

तो समोरच्या स्टुलावर बसला. आत यंत्र चालू होतं, ते त्याने कामगाराला हाताने खूण करून बंद करायला लावलं.

“मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि जाणूनबुजून गप्प बसलात. पोरी लहान होत्या माझ्या. बाईंनी आपल्याला पोलिसांत दिलं नाही, आता वाकडं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून इतकी वर्षं काढली.”

“पोलिसांत? कशासाठी?”

त्याने मान खाली घातली.

“वकिलांच्या नकळत ते पत्र मीच तुमच्या गठ्ठ्यात घुसडलं होतं, बाई. त्याच्या नावाची सहीही मीच केली होती.”