तार धरलेली सत्तेचाळीस मिनिटं

अकरा मीटर केबल, तिच्या पोटात आठ रंगीत तारा, दोन टोकांना दोन प्लग आणि मुलाखतीला उरलेली चार मिनिटं. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. बाबा टेबलाखाली होते.

मुलाखत ज्या प्रयोगशाळेतल्या नोकरीची होती, तिथे जागा एकच होती. काल वाय-फायवर सराव करताना चित्र तीनदा अडकलं, आणि बाबांना तेवढं निमित्त पुरलं. एकतीस वर्षं ते टेलिफोनच्या खांबांवर चढले होते. हवेतून काही धड येतं, यावर त्यांचा कधीच भरवसा बसला नाही. "हवेचं काय सांगावं? तार कशी, हातात येते," असं म्हणत त्यांनी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून कपाटामागून केबल ओढून आणली. दोन्ही प्लग स्वतःच्या हातांनी बसवले.

"लग्नापासून बघतेय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "माणसांपेक्षा वायरींवर माया जास्त."

आणि नेमकी आता प्लगची अडकणारी जीभ तुटली. प्लग आत जाई, पण टिकेना. हात काढला की बाहेर.

"तू बोल. मी धरतो," बाबा म्हणाले.

"पाऊण तास, बाबा?"

"खांबावर भर पावसात दोन तास धरलंय. इथे तर डोक्यावर पंखा आहे."

डोक्यावर टेबल होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. पडद्यावर तीन प्राध्यापक उगवले.

बाराव्या मिनिटाला चित्र गोठलं. बाबांना पडदा दिसत नव्हता, पण लेकीचे पाय ताठ झालेले दिसले. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी प्लग दाबला. चित्र हललं. टेबलाखालून "हं!" असा विजयी हुंकार आला.

"तिथे आणखी कोण आहे?" मधल्या प्राध्यापकबाईंनी विचारलं.

"आमचा तांत्रिक विभाग," ती म्हणाली.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पुढचे प्रश्न मात्र चांगलेच कठीण निघाले. शेवटचा बाईंचाच होता. "परिणाम एखाद्या गोष्टीमुळेच होतोय की नाही, हे कसं ठरवाल?"

"ती गोष्ट काढून बघेन."

काढायचं नाव निघताच टेबलाखालून तिच्या घोट्याला सणसणीत चिमटा बसला.

तिघांनी मान खाली घालून काहीतरी कुजबूज केली. मग बाई म्हणाल्या, "सोमवारपासून इथे येऊन काढून बघा."

बाबा बाहेर आले ते रांगतच. गुडघ्यांनी संप पुकारला होता. "अगं, ऐकलंस का?" भिंतीला धरून ते स्वयंपाकघराकडे निघाले. "माझ्या वायरीवरून नोकरी आली घरात!"

प्लग फरशीवर पडला होता. पडद्यावर इंटरनेट अजून चालूच होतं.

तिने प्लग उचलून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून सगळं दिसत होतं. मधल्या दोन तारा सुबक दाबून बसवलेल्या, टेलिफोनला लागतात तेवढ्याच. इंटरनेटला निदान चार लागतात. उरलेल्या सहा बाबांनी मुळापासून छाटल्या होत्या. आणि घाईत वाय-फाय बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"काय गं," आतून बाबांनी विचारलं, "एकदा तरी तुटलं का?"

"एकदाही नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही धरलं होतंत ना!"

आत बाबा आईला खांबावरचे दोन तास पहिल्यापासून सांगू लागले.

तिने कॉम्प्युटरवरची इंटरनेट-वापराची नोंद उघडली. वेळ सत्तेचाळीस मिनिटं. वाय-फायवरून सहाशे बारा एमबी. केबलवरून शून्य.